बाहेर बसलाय त्याला

माझा धंदा माणसांचे श्वास कापण्याचा आहे.

परत घेतो. हे खुनी वाटतं ऐकायला. लोक पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात, ती रेकॉर्डिंगं माझ्याकडे येतात आणि त्यातला कचरा मी काढतो. घोट गिळल्याचा आवाज, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुरगुर, दोन वाक्यांच्या मधला श्वास. वाचणारा चुकला की "परत घेतो" म्हणतो आणि तेच वाक्य पुन्हा वाचतो. चुकलेलं वाक्य आणि "परत घेतो", दोन्ही मी कापतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस चुकत नाही आणि श्वासही घेत नाही.

इथं मी काही कापणार नाही. चुकलो तर परत घेईन आणि चूक तशीच राहू देईन. शांतता होती तिथं शांतता लिहीन.

या धंद्यात एक विद्या मिळाली. श्वासावरून मी माणूस ओळखतो. आवाज सर्दीनं बसतो, वयानं चिरका होतो, माणूस साहेबापुढं एक आवाज काढतो आणि बायकोपुढं दुसरा. पण हवा आत घ्यायची प्रत्येकाची रीत ठरलेली असते. ती कुणाला बदलता येत नाही, कारण ती आपली आपल्याला ऐकू येत नाही.

[शांतता]

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, यंत्रं, हेडफोन. आतल्या खोलीत आईची खाट. मधलं दार लावायचं नाही, अशी आईची ताकीद होती.

"दार लावलंस तर मी मेलेलीही कळायची नाही तुला."

"कळेल की. बोलणं थांबेल तुझं."

"तोंड बघ मेल्याचं!"

खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच होती. चर्च तिचं होतं, माझं नव्हतं. लहानपणी मीही जायचो. नंतर भांडण असं काही झालं नाही. एखाद्या मावशीकडचं जाणं-येणं थांबतं, तसं थांबलं. आई पडल्यावर तिला दर रविवारची उपासना रेकॉर्ड होऊन फोनवर यायची. तिच्यासारख्या बऱ्याच जणांना यायची. आई त्यांना 'खाटेवरची मंडळी' म्हणायची. "बाकावरची मंडळी कमी होत चाललीय, आमची वाढतेय," असं म्हणून हसायची.

रोज दिवे लागायच्या वेळी ती या खाटेवरच्या मंडळीसाठी प्रार्थना करायची. मोठ्यानं. देवाला कमी ऐकू येतं अशा बेतानं. एकेकाचं नाव आणि त्याच्यापुढं त्याचं दुखणं. शेवटी मी. माझं नाव ती घ्यायची नाही. म्हणायची, "आणि बाहेर बसलाय त्याला सांभाळ."

मग थांबायची.

ते थांबणं माझ्यासाठी असायचं. आमच्यात प्रार्थना करणारा एक आणि आमेन म्हणणारा दुसरा. "आपल्या प्रार्थनेला आपणच आमेन म्हटलं तर कडी लागत नाही," हे तिचं म्हणणं. मी हेडफोन घालून बसलेला, हात कामात, डोळे संगणकाच्या पडद्यावर. तिची शांतता माझ्यापर्यंत यायची आणि माझं तोंड आपोआप म्हणायचं, "आमेन." हात धू म्हटल्यावर हात धुवावे, तसं. उशीर झाला तर आतून आवाज यायचा.

"अरे, म्हण की! प्रार्थना वाळत घातल्यासारखी लोंबकळतेय माझी."

आई गेली. खाट तिथंच आहे. दार अजून लावत नाही.

[शांतता. ही बरीच मोठी होती.]

काही महिन्यांनी चर्चचे पाळक आले. गोल चेहऱ्याचा, घाबरट, चांगला माणूस. चहा गार होईपर्यंत मुद्द्यावर आला नाही.

"रेकॉर्डिंग करणारे आमचे गृहस्थ बदलीवर गेले हो. उपासना मेमरी कार्डवर रेकॉर्ड होते, पण पुढं ती नीट करून पाठवायला कुणी नाही. तुमचा हाच व्यवसाय आहे म्हणून..."

"मी चर्चला येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"यायचं कुठं आहे? तुम्ही घरीच बसायचं."

हो म्हटलं. घरीच बसायचं असेल तर माझी ना नसते.

पहिल्या रविवारचं कार्ड आलं. गाणी, वाचन, उपदेश. मध्ये पाळक म्हणाले, "आज जे इथं येऊ शकले नाहीत, त्यांची नावं आपण प्रत्येक जण मनात घेऊ या." आणि मग काहीच नाही. कुणीतरी खोकलं, बाक करकरला, बाहेरून एक गाडी गेली. माझ्या धंद्यात त्याला एकच शब्द आहे, कचरा. मी तो सबंध भाग कापला आणि उपासना सगळ्यांना पाठवून दिली. कार्ड परत गेलं. तिकडं ते पुसून पुन्हा वापरतात.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. या बाईंनी मला शाळेत पाढे शिकवलेत. आता गुडघ्यांनी त्यांना घरात डांबलंय. आईची मैत्रीण.

"अरे, कात्री फार चालते का रे तुझी?"

"काय झालं, बाई?"

"आमचं कुठंय?"

"तुमचं काय?"

"गप्प बसायचं. मूक प्रार्थना."

"बाई, तिथं काही नव्हतंच. कुणी बोलत नव्हतं."

"बोलत नव्हते म्हणजे काही करत नव्हते? सगळी उपासना पाळक बोलतात, गाणारे गातात. तेवढी एकच जागा आमची. त्या वेळी तिकडं कुणीतरी माझं नाव मनात घेत असतं. मी ते ऐकत बसते."

"मनातलं कसं ऐकू येईल?"

"तुला नाहीच येणार. तू कापणारा."

फोन आपटला. सातचा पाढा चुकल्यावर जसं वाटायचं, तसं वाटलं.

कापलेला भाग माझ्याकडं नव्हता, कार्ड पुसलं गेलं होतं. नुसती रिकामी जागा टाकून चालत नाही. अगदी कोरी शांतता कानावर पडली की कानात बोळे घातल्यासारखं होतं, माणूस दचकतो. शांतता म्हणून खऱ्या खोलीचा आवाज लागतो. घरात सगळ्यात शांत खोली आईची. जाड गादी, पडदे, कपाटात अजून तिच्या साड्या. कापड आवाज पिऊन टाकतं. दुपारी रस्ता निजला की मी रेकॉर्डर आईच्या स्टुलावर ठेवला, चालू केला आणि माझीच चाहूल नको म्हणून घराबाहेर पडलो. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. वर येऊन तो तुकडा उपासनेत जोडला आणि पुन्हा सगळ्यांना पाठवला.

रिकाम्या खोलीचा आवाज. दुसरं काही नाही.

[शांतता]

"कोण होती रे ती?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"प्रार्थना करत होती ती. फार हळू होतं, पण माझं नाव स्पष्ट घेतलं. त्याच्यापुढं 'माझ्या मैत्रिणीचा हट्टी गुडघा' म्हणाली."

  मग बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला हट्टी म्हणणारी एकच होती."

मी तो तुकडा ऐकला. आवाज वाढवून ऐकला, इतका की रेकॉर्डरच्या स्वतःच्या विजेची शीळ ऐकू यायला लागली. पडद्यावर आवाजाच्या लाटेच्या जागी सरळ रेघ. काही नव्हतं. बाई म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत, ऐकायची इच्छा आहे. इच्छेला कान फुटतात. असं मी स्वतःला सांगितलं.

पण पुढच्या रविवारी मी चर्चमधली खरी शांतता ठेवली. सांगितलं कुणालाच नाही.

"आज कुणीच नव्हतं," बाई म्हणाल्या. "नुसते खोकले."

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आईच्या खोलीतली, नवीन रेकॉर्ड केलेली. तेव्हा आमच्या गाणाऱ्या काकांच्या मुलीचा फोन आला. काका एकेकाळी चर्चच्या गायकवृंदात खालचा सूर धरणारे; पक्षाघाताचा झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही.

"दादा, त्या शांततेच्या वेळी बाबा रडले," ती म्हणाली. "जिभेसाठी कुणीतरी प्रार्थना केली असं खुणेनं सांगत होते. मीही ऐकलं. मावशीच होत्या ना, तुमच्या आई?"

"तूही ऐकलंस?"

"म्हणजे काय? तुम्ही नाही?"

परत घेतो. इथं मी तिला "हो, मीही ऐकलं" असं म्हणालो. ते खोटं होतं.

आईचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. परक्या माणसांच्या आवाजांनी कपाटं भरलीत, तिचा एक शब्द नाही. आणि आता ती अर्ध्या गावाला ऐकू येत होती, माझ्याच खोलीतून, माझ्याच यंत्रातून, आणि मला सरळ रेघ. मी दिवसचे दिवस तेच ऐकत बसलो. आलेली कामं परत पाठवली. कान दुखायला लागले. एक श्वास मिळाला असता तरी चाललं असतं. तिचा श्वास मी हजारांत ओळखला असता. ती आधी नाकानं थोडी हवा घ्यायची, मग एकदम तोंडानं, जशी काही आठवण झाली.

शेवटी बाईंना विचारलंच. "माझं काही म्हणते का ती?"

[शांतता. फोनवरची.]

"नाही रे. सगळ्यांची नावं घेते, आणि शेवटी 'आणि' म्हणते. तिथंच थांबते."

"पुढं?"

"पुढं काही नाही. जरा वाट बघते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

मला रेकॉर्डिंगची दुपार आठवली. मी समोरच्या पायरीवर. बाहेरच्या खोलीतली खुर्ची रिकामी.

[शांतता]

पुढच्या आठवड्यांत फोन वाढले आणि आनंद कमी झाला. काका शांततेच्या शेवटी खाटेच्या कडेवर हात आपटायला लागले. त्यांची मुलगी म्हणाली, "आम्ही इथून आमेन म्हणतो दादा, पण ते लागत नाही."

बाई म्हणाल्या, "घाई करतेय आता. नावं भराभर घेते, 'आणि'पाशी येते, थांबते, परत पहिल्यापासून. धाप लागलीय तिला. थकलीय रे. जिवंतपणी तरी रात्री झोपायची."

"मग मी काय करू?"

"शाळेत असताना पण हेच विचारायचास. उत्तर माहीत असलं की."

उत्तर माहीत होतं. म्हणूनच नको होतं. कडी लागली की प्रार्थना संपणार. आणि संपली की ती खोली नुसती खोली होणार. मला एकदाही ऐकू न येता.

मी पाळकांना बोलावून सगळं सांगितलं. ते आईच्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभे राहिले, आत गेले नाहीत. टोपी हातात फिरवत होते.

"मूक प्रार्थनेला आमेन कुणी म्हणायचं, हे आम्हाला शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. मग कपाळ पुसलं. "पण आमेन म्हणजे तरी काय? तू एकटी मागत नाहीस, मीही आहे, एवढंच. ते कुणीतरी म्हणायला हवं. मागणाऱ्याला फार वेळ एकटं ठेवू नये."

"विश्वास नसलेल्यानं म्हटलं तर चालतं?"

"तुमच्या आईला इतकी वर्षं चाललं ना?"

जाताना जिन्यात त्यांची पावलं जरा जास्तच भरभर वाजली.

दुसऱ्या दुपारी रेकॉर्डर आत ठेवून मी बाहेर माझ्या खुर्चीत बसलो. हेडफोन घातले. आतून काही ऐकू येण्याची वाट बघितली, आणि शेवटी अंदाजानं म्हटलं, "आमेन."

"मध्येच तोंड घातलंस!" रविवारची उपासना ऐकून बाई फोनवर जवळजवळ रडत होत्या. "आपल्या शिंपीणबाईंचं नाव घेऊन त्यांच्या डोळ्यांपाशी आली होती ती. दचकली. पुन्हा पहिल्यापासून."

प्रार्थना कुठं आली आहे ते कळल्याशिवाय आमेन म्हणता येत नाही. आणि मला ती ऐकू येत नव्हती. एकच मार्ग राहिला. ती मीच करायची.

[शांतता]

दुपार होती. पडद्यातून पिवळट उजेड.

स्टुलावर रेकॉर्डर. त्याचा लाल ठिपका.

मी खाटेवर बसलो. गादीला तिच्या अंगाचा खड्डा होता. मी त्यात बरोबर बसलो.

सुरुवात कशी करायची ते माहीत नव्हतं. मग तोंड उघडलं, आणि सगळं होतं. बाईंचा हट्टी गुडघा. काकांची जीभ. शिंपीणबाईंचे डोळे आणि त्यांच्या नवऱ्याचा राग. पाळकांचा धीर. कुणानंतर कोण, कुणापुढं काय. इतकी वर्षं हेडफोनच्या पलीकडून जे आलं, त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर हरवलं नव्हतं.

माझा आवाज खोलीत कसातरीच वाटत होता. गाद्या, साड्या, पडदे तो पीत होते.

नावं संपली.

"आणि," मी म्हणालो.

थांबलो.

 मधलं दार उघडं होतं. तिथून टेबलाचा कोपरा दिसतो, खुर्ची दिसत नाही.

"आणि बाहेर बसलाय त्याला सांभाळ."

[शांतता]

[शांतता]

बाहेरच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं,

"आमेन."

अर्धवट. हात कामात, डोळे पडद्यावर असताना म्हणतात तसं.

आवाज माझा होता.

मी श्वास रोखून धरला.

खुर्ची एकदा कुरकुरली, मागं सरकताना कुरकुरते तशी. मग काही नाही. मी उठलो नाही. बघायला गेलो नाही. पडद्यातला उजेड पिवळ्याचा राखाडी होईपर्यंत तिथंच बसून राहिलो, आणि मग बाहेर आलो. खुर्चीवर कुणी नव्हतं. हेडफोन टेबलावर होते; पण मी ते खुंटीला लावून आत गेलो होतो.

[शांतता]

"पुरी झाली," तो तुकडा उपासनेतून गेल्यावर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज झोप मिळालेल्या माणसाचा होता. "कसं गोड म्हणाली रे शेवटचं. सावकाश. 'आणि बाहेर बसलाय त्याला सांभाळ.' आणि तू बाहेरून आमेन म्हणालास. नेहमीसारखंच, तोंडातल्या तोंडात. तिनं मग सुटल्यासारखा श्वास सोडला."

"बाई, ती म्हणाली? का मी?"

"तिचा आवाज मला कळत नाही का?"

मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. खाटेवर बसून मी मोठ्यानं बोललो होतो, रेकॉर्डर हाताच्या अंतरावर होता. पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ रेघ. तिचा आवाज नाही. माझा नाही. आमेनही नाही.

त्यानंतरच्या रविवारी आईच्या खोलीतली शांतता कुणालाच काही बोलली नाही. काका शांत झोपतात. बाई आता स्वतः दिवे लागायच्या वेळी सगळ्यांची नावं घेतात आणि शेवटी काकांच्या मुलीला फोन लावतात, आमेन म्हणायला. मी उपासनेत चर्चमधलीच शांतता ठेवतो, खोकल्यांसकट. एक खोकलाही कापत नाही. मला फोन येत नाहीत. यायचं काही कारण उरलेलं नाही.

इथं संपवायचं होतं.

परत घेतो.

आज दुपारी काम करत होतो. एका बाईंनी वाचलेलं जाड पुस्तक, श्वासच श्वास. हेडफोन घातलेले, हात कामात, डोळे पडद्यावर. मध्येच माझं तोंड आपोआप म्हणालं, "आमेन."

कशाला, ते कळलं नाही. काही ऐकलं नव्हतं. मी खुर्ची मागं सरकवली, ती कुरकुरली. हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मधलं दार उघडं. पडद्यातून पिवळट उजेड. इथून खाटेचा पायथा दिसतो, उशी दिसत नाही.

आत कुणीतरी श्वास रोखून धरला होता. हवा आत घेतलेली मी ऐकली, सोडलेली नाही.

आई, असं मनात आलं.

परत घेतो.

श्वासावरून माणूस ओळखणं हा माझा धंदा आहे. तो आईचा नव्हता.

आणि प्रार्थनेच्या त्या दुपारी आतला मी बाहेर बघायला आलो नव्हतो, म्हणून आज मीही आत गेलो नाही. उजेड राखाडी व्हायची वाट बघतोय.